चौथी फेरी

गौरवीची पाठ पहिल्यांदा धरली ती त्यांच्याच गेस्टहाऊसच्या कोपऱ्यातल्या खोलीत, डबल बेडची गादी उलटताना. गादीचं एक टोक तिने उचललं, अंगाला पीळ देऊन पलीकडे ढकललं, आणि कमरेच्या खाली अशी कळ आली की तिला सरळही होता येईना आणि वाकताही येईना. ती तशीच गादीवर आडवी झाली. बाहेर व्हरांड्यात पाहुणे खोलीची वाट बघत उभे होते. सासूबाईंनी दोनदा हाक मारली आणि मग त्या स्वतःच दारात आल्या.

"निजलंस काय गो?" पद्मावतीबाईंनी विचारलं.

मांद्र्याला समुद्राच्या अलीकडे, माडांमध्ये त्यांचं हे गेस्टहाऊस. खोल्या मोजक्याच. गौरवीचा नवरा सर्वेश टॅक्सी चालवतो, त्यामुळे पाहुण्यांना विमानतळावरून आणणं-सोडणं त्याच्याकडे, स्वयंपाकघर सासूबाईंकडे आणि खोल्या गौरवीकडे. खोल्या म्हणजे चादरी, न्हाणीघरं, पाण्याच्या बालद्या आणि गाद्या. लग्न होऊन ती डिचोलीहून इथे आली तेव्हापासून हे काम तिचंच.

म्हापशाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, मणक्यातली चकती किंचित सरकली आहे. ऑपरेशनची गरज नाही, पण वजन उचलायचं नाही, एका जागी बसून राहायचं नाही, हालचाल ठेवायची. फिजिओथेरपीला प्राजक्ता नावाची मुलगी होती, गौरवीपेक्षा वयाने लहान. ती म्हणाली, "चालायला जा. नाहीतर सायकल आहे का घरात? सपाट रस्त्यावर चालवा."

घरात सायकल होती. योहान नावाचा ऑस्ट्रियाचा म्हातारा दर हिवाळ्यात त्यांच्याकडे येऊन राहायचा. त्याची डोंगरात चालवायची सायकल, जाड टायरांची आणि पुढे शॉकॲब्सॉर्बर असलेली, मागच्या पडवीत ठेवलेली असायची. एके वर्षी त्याचा फोन आला. गुडघे गेलेत, आता प्रवास होणार नाही, सायकल तुम्हीच वापरा. योहान सहा फुटांहून उंच होता. गौरवी त्याच्या खांद्याला जेमतेम लागायची. तिने सीट अगदी खाली घेतली तेव्हा कुठे पाय पोचले, पण हँडल दूरच राहिलं. हात लांब ताणून, पुढे ओणवं होऊनच चालवावं लागे. म्हणजे पाठीसाठी सुरू केलेली सायकल पाठीलाच ताण देणारी. सायकलच्या दुकानात विचारलं तर दुकानदार म्हणाला, "फ्रेमच मोठी आहे, बाई. दुसरी घ्या." त्या वर्षी गेस्टहाऊसचं छप्पर नवीन केलं होतं. दुसऱ्या सायकलीचं नाव काढण्यात अर्थ नव्हता.

सपाट रस्त्यावर ती महिनाभर गेली. पण किनाऱ्याच्या रस्त्यावर ओळखीचा प्रत्येक टॅक्सीवाला हॉर्न मारायचा आणि थांबून विचारायचा, खंय चललंस? कंटाळून एक दिवस तिने सायकल सड्याकडे वळवली. वर जांभ्या दगडाचं मोकळं पठार, काजूची झाडं, गुरांच्या पायवाटा आणि माणूस एकही नाही. चढावर पाठ दुखली. पण घरातही ती दुखतच होती, आणि इथे निदान कोणी टॉवेल मागत नव्हतं. शाळेत असताना ती डिचोलीत सायकलनेच जायची, घाटीवर मुलांना मागे टाकायची. पायांना ते आठवत होतं. दोन-तीन महिन्यांत ती सड्यावरून पलीकडे उतरून परत चढून यायला लागली.

असंच एका रविवारी तिला तिथे सायकलवाल्यांची एक टोळी भेटली. त्यांचा म्होरक्या स्वप्नील, डिचोलीच्या बाजूला शाळेत पीटी शिकवणारा. परतीच्या चढावर टोळीतले निम्मे लोक मागे पडले आणि गौरवी मात्र स्वप्नीलच्या मागच्या चाकाला चिकटून राहिली. वर पोचल्यावर तो धापा टाकत म्हणाला, "ताई, जानेवारीत आमची शर्यत आहे. डोंगरातली, क्रॉस-कंट्री, चार फेऱ्यांची. तुम्ही यायलाच हवं."

पहिल्या वर्षी ती गेली आणि तिसऱ्या फेरीत पाठ आखडली. एका दगडावर बसून राहिली, मग कोणीतरी मोटरसायकलवरून खाली आणलं. घरी सगळ्यांनी एकच वाक्य वेगवेगळ्या आवाजात म्हटलं, आम्ही सांगतच होतो. ते वाक्य तिला कळेपेक्षा जास्त लागलं.

पुढचं वर्षभर तिने पाठीवर मेहनत घेतली. पहाटे पाहुण्यांची चहा मागायची वेळ होण्याआधी जमिनीवर चटई टाकून प्राजक्ताने शिकवलेले व्यायाम. कंबर उचलून धरणं, कोपरांवर तोलून राहणं, एक हात आणि उलटा पाय हवेत. म्हापशातल्या एका मेकॅनिकने हँडलची पुढची दांडी काढून आखूड बसवली, त्यामुळे हँडल थोडं जवळ आलं. पण पाठीचं काही खरं नव्हतं. एक आठवडा बरा गेला की पुढचे दोन खराब. प्राजक्ता विचारायची, "कसं वाटतंय?" गौरवी म्हणायची, "मंगळवारी बरं वाटलं होतं."

आणि घरात तो एक प्रश्न होताच. पद्मावतीबाईंनी तो पहिल्यांदा विचारला तेव्हा रागाने नाही, खरोखरच न कळून विचारला होता.

"गाद्यो उचलूक पाठ दुखता, आणि सायकल चलवूक दुखणा नाय. असां कसां गो?"

गौरवीने समजावून सांगितलं. सायकलवरही दुखतं. पण वाकून पीळ देत वजन उचललं की चकतीवर जो दाब येतो तो वेगळा. प्राजक्ताने तिला मणक्याचा प्लास्टिकचा नमुना दाखवला होता, तो तिने हाताच्या बोटांनी करून दाखवला.

पद्मावतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आमच्या टायमाक डिस्क नव्हती."

यंदाची शर्यत रविवारी होती. शुक्रवारी दुपारी बेंगळुरूचा एक मोठा गट आला, कोणाच्या तरी लग्नासाठी. खोल्या कमी पडल्या आणि त्यांनी जास्तीच्या गाद्या मागितल्या. त्या माळ्यावर होत्या. गौरवीने सर्वेशला फोन केला. तो मोपाला विमानतळावर होता, विमान उशिरा येणार होतं.

"मी इलंय की काढतंय," तो म्हणाला. "तासभर थांब."

"ते लोक पोरांक घेऊन उभे आसत. तासभर कसे थांबतले?"

"मगे आईक सांग."

पद्मावतीबाईंचे गुडघे गेलेले. त्या शिडी चढणार नव्हत्या आणि त्यांना तसं सांगणंही शक्य नव्हतं. गौरवी दहा मिनिटं शिडीखाली उभी राहिली. पाहुण्यांतली एक बाई दोनदा येऊन हसून विचारून गेली. शेवटी गौरवीच वर चढली आणि एकेक गादी खाली सोडली. शेवटच्या गादीला कळ आली. मोठी नाही, ओळखीची. तिला स्वतःचा इतका राग आला की ती माळ्यावरच, धुळीत, थोडा वेळ बसून राहिली.

रात्री सर्वेशला कळलं तेव्हा त्याने आधी जेवून घेतलं. मग म्हणाला, "यंदा रव ना घरी. पुढच्या वर्सा जा."

"पुढच्या वर्सा गाद्यो नसतल्यो?"

"तसां नाय गो. पाठ कायमची गेली तर?"

"ती गाद्यांनी जातली. शर्यतीन नाय."

तो वाईट माणूस नव्हता. शनिवारी दुपारी त्याने सायकल गाडीत घातली आणि तिला धारगळपर्यंत सोडलं. तिथे हायवेवर तिचा मोठा भाऊ बाबली पिकअप घेऊन उभा होता. पूर्वी तो खनिजाचा ट्रक चालवायचा, आता दुकानांना माल पोचवतो. सायकल पिकअपमध्ये चढवताना गौरवी कशी उभी राहते ते त्याने बघितलं.

"पाठ परत?" कोलवाळचा पूल ओलांडल्यावर त्याने विचारलं.

"थोडी."

"कित्याक गो इतको त्रास?"

खरं तर तिलाही ते नेमकं सांगता आलं नसतं. तिला जिंकायचं नव्हतं. तिला एकदा चारही फेऱ्या पूर्ण करायच्या होत्या, म्हणजे घरातलं ते ‘आम्ही सांगतच होतो’ संपलं असतं. माहेरी बाबलीच्या बायकोने, वत्सलावयनीने, गरम पाण्याची पिशवी दिली, ती कमरेखाली घेऊन ती झोपली.

शर्यत डिचोलीच्या बाहेर एका डोंगरावर होती. एका अंगाला जुन्या खाणीचे लाल उतार, दुसऱ्या अंगाला काजूची रानं आणि खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठी पोफळींच्या बागा, कुळागरं. बायकांच्या गटात सातजणी. वयाचे वेगळे गट करण्याइतक्या बायका आल्याच नव्हत्या, म्हणून कॉलेजच्या मुली आणि छत्तिशीतली गौरवी एकाच रांगेत. पुण्याहून आलेली जानकी नावाची मुलगी सगळ्यांत पुढे उभी होती. तिच्या सायकलीकडे बघून गौरवीला आपली सायकल म्हणजे कोणा दुसऱ्याच्या मोठ्या चपला घातल्यासारखी वाटली.

शर्यत आठला सुटायची होती. प्रमुख पाहुणे आले नव्हते. साडेआठ झाले. गौरवीने प्राजक्ताने सांगितलेल्या सगळ्या हालचाली करून पाठ गरम केली होती, ती उभ्याउभ्या पुन्हा आखडायला लागली. तिने स्वप्नीलला गाठून विचारलं, "आम्हाला सोडून द्या ना. पाहुणे पुरुषांच्या शर्यतीला हिरवा झेंडा दाखवतील."

"ताई, आणखी पाच मिनिटं," तो म्हणाला. त्याचा फोन कानालाच होता.

पाहुणे आले, नारळ फुटला, भाषण झालं. भाषणात महिलाशक्ती होती. बायका सुटल्या तेव्हा नऊ वाजत आले होते.

पहिली फेरी बरी गेली. चढावर गौरवी पाचवी होती. खाली उतरताना खडीवरून चाकं घसरली आणि प्रत्येक धक्का कमरेत जाऊन बसला, पण तिने ते मोजून ठेवलं होतं, इतकं दुखणारच. दुसऱ्या फेरीत चढावर तिने एका मुलीला मागे टाकलं. मुलगी बाजूला होऊन उलटी करत होती. उतारावर मात्र तिने ब्रेक जास्त दाबले, त्यात वेळ गेला. तिसऱ्या फेरीत, गेल्या वर्षी ती जिथे बसली होती त्या दगडाच्या आधीच, उजव्या पायात वरून खाली मुंगी चालल्यासारखं झालं. ती उतरली. सायकल ढकलत चालू लागली. काजूला मोहोर आला होता. वळणावर उभ्या असलेल्या स्वयंसेवकाने विचारलं, "गाडी बोलावू?"

"नको."

"नक्की?"

"नको म्हटलं ना."

चढ संपला. तिने कंबर दोन-तीनदा मागे वाकवली, पुन्हा सीटवर बसली आणि बघते तर पाय चालत होते. कळ होती, पण धरून ठेवणारी नव्हती. उतारावर ती सीटवरून उठून, गुडघे सैल सोडून आली, जसं वर्षभर सड्यावर करत होती तसं. खालच्या व्हाळाच्या साकवावर तिला कळलं की आज पाठ तिला थांबवणार नाही. अजून एकच फेरी. गेल्या वर्षभरात इतकं मोकळं तिला वाटलं नव्हतं.

फेरी संपते त्या कमानीखाली एक जाकीटवाला तरुण दोन्ही हात पसरून उभा होता.

"मॅडम, थांबा. तुमची झाली."

"माझी एक फेरी राहिलीय."

"वेळ संपली. पुरुषांची शर्यत सुटायचीय. ट्रॅक रिकामा करायचाय."

ती सायकलवरून उतरलीच नाही. एक पाय जमिनीला टेकवून म्हणाली, "स्वप्नीलसरांना बोलवा."

स्वप्नील घामाघूम होऊन आला. नियम त्याने नीट सांगितला. पुढची शर्यत सुटायच्या आधी जे मागे आहेत त्यांना काढावं लागतं, नाहीतर अरुंद वाटेवर मागून येणारे आदळतात. सगळीकडे असंच असतं.

"ठीक आहे," गौरवी म्हणाली. "पण तुम्ही आम्हाला पाऊण तास उशिरा सोडलंत. थांबवताना मात्र घड्याळ जुनंच."

"बरोबर आहे तुमचं. पण पुरुषांना आणखी उन्हात ठेवता येत नाही."

"आम्हाला ठेवलंत की."

मागे पुरुषांची रांग लागली होती, कोणीतरी शिट्टी वाजवली. मग स्वप्नील हळू आवाजात म्हणाला, "आणि ताई, तुमची पाठ. मला वरून वायरलेसवर कळलं, तुम्ही चालत होता. कशाला धोका?"

त्या एका वाक्याने तिचे डोळे भरून आले, रागाने. तिने हेल्मेट काढलं, सायकल ढकलत बाबलीच्या पिकअपपर्यंत गेली आणि सावलीत जमिनीवर उताणी पडली.

पुरुषांची शर्यत संपून बक्षिसं वाटली गेली तरी ती तिथेच होती. बाबली म्हणाला, चल घरी, वयनी जेवणाची थांबलीय. ती उठली, हेल्मेट घातलं आणि म्हणाली, "एक फेरी मारून येतंय."

"वेडी जालीस?"

"चौथी रवली आसा."

बाबलीने अडवलं नाही. ती एकटीच चढाला लागली. पण स्वयंसेवक आधीच वाटेवरच्या फिती आणि बाणांच्या पाट्या गोळा करत निघाले होते. वरच्या पठारावर सगळ्या पायवाटा सारख्याच दिसू लागल्या. सकाळी तीनदा ज्या वाटेने गेली तीच धरली असं तिला वाटलं, पण उतार वेगळाच निघाला आणि ती थेट कोणाच्या तरी कुळागरात पोफळींमध्ये जाऊन पोचली. पुढे काट्यांचं कुंपण. कुत्रं भुंकायला लागलं. सायकल वळवताना कमरेत अशी कळ आली की या वेळी खरंच बसावं लागलं. कुळागराचा म्हातारा मालक बाहेर आला, तिला पाणी दिलं आणि विचारलं, "शर्यतीची काय तू? शर्यत मघाच सोपली."

"माका ठावक आसा," ती म्हणाली.

बाबली फोनवर वाट विचारत पिकअप घेऊन आला.

दुसऱ्या दिवशी मांद्र्याला पोचली तेव्हा पद्मावतीबाई तांदूळ निवडत होत्या.

"नंबर आलो?"

"नाय. बाहेर काढली."

"पाठीक लागून?"

"नाय, आई. वेळेक लागून. त्यांनीच उशिरा सोडली आमकां."

पद्मावतीबाईंनी तिच्याकडे बघितलं आणि सुपात हात फिरवत राहिल्या. त्यांचा विश्वास बसला नव्हता हे दिसतच होतं.

त्याच संध्याकाळी फोनवर ते आलं. स्वप्नीलच्या सायकल क्लबने शर्यतीचे फोटो टाकले होते. त्यातल्या एकात गौरवी चढावर सायकलला टेकून, एक हात कमरेवर ठेवून, तोंड वेडंवाकडं करून उभी. खाली लिहिलं होतं, ‘असह्य पाठदुखीमुळे चौथी फेरी पूर्ण करता आली नाही, तरीही मांद्र्याच्या गौरवीताईंच्या जिद्दीला सलाम.’ पहिल्यांदा वत्सलावयनीने पाठवलं, मग नणंदेने, मग गावातल्या महिला मंडळाच्या ग्रुपवर आलं. हात जोडलेली चित्रं, फुलं, हृदयं. बेंगळुरूचे पाहुणे जाताना तिच्याबरोबर फोटो काढून गेले.

तिने स्वप्नीलला फोन केला.

"ते बदला," ती म्हणाली.

"का ताई? चांगलंच लिहिलंय. किती लोकांनी बघितलं."

"खोटं लिहिलंय. मला पाठीने थांबवलं नाही. तुम्ही थांबवलं."

"आता तसं कसं लिहिणार?"

"मग काहीच लिहू नका."

दोन दिवसांनी त्याने ती ओळ काढली. फोटो राहिला. तोपर्यंत ज्यांना बघायचं त्यांचं बघून झालं होतं.

सर्वेशने मात्र ते वाचून मनावर घेतलं. त्याच्या टॅक्सी स्टँडवरच्या लोकांनी त्याला विचारलं होतं, बायकोची पाठ इतकी वाईट आहे आणि तू तिला गाद्या उचलायला लावतोस? पुढच्याच आठवड्यात तो यशोदा नावाच्या बाईला घेऊन आला, रोज सकाळी खोल्यांसाठी. सासूबाईंनीही हरकत घेतली नाही. गौरवी दोन वर्षं जे तोंडाने सांगत होती, बोटांनी करून दाखवत होती, ते एका खोट्या ओळीने दोन दिवसांत झालं. तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाही राग आला. यशोदा पहिल्या दिवशी गादी उचलायला गेली तेव्हा गौरवीने तिला थांबवून नीट सांगितलं, पीळ द्यायचा नाही, दोघींनी मिळून धरायची.

पाठ त्यानंतर निम्म्याने कमी दुखते. प्राजक्ता म्हणते, उरलेली पाठदुखी कदाचित राहील, त्या मोठ्या सायकलीवर तर नक्कीच. गौरवी अजून सकाळी सड्यावर जाते. वाटेत कोणी भेटलं तर हात जोडून ‘जिद्द’ म्हणतं, आणि ती पुढे निघून जाते.

परवा स्वप्नीलचा मेसेज आला, येत्या जानेवारीची तारीख ठरली, तुमचं नाव घालू ना. तिने लिहिलं, बायकांना किती वाजता सोडणार आणि उशीर झाला तर थांबवायची वेळ पुढे सरकवणार की नाही, ते आधी कळवा. त्याने वाचलेलं दिसतं. उत्तर अजून आलेलं नाही.